ओव्हनमधले बूट

टीव्हीवाल्यांनी स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीकडे सरकवलं तेव्हा ऑर्विल हॅगस्ट्रॉमला वाटलं, आता एडना रागावणार. पण ती कॉफी ओतत म्हणाली, "न्या रे बाबांनो, घरही न्या. तेवढं लोर्नाचं कळलं म्हणजे झालं."

लोर्ना तिची धाकटी बहीण, तिला 'एडी' म्हणणारी एकटीच. गावच्या रेडिओवर गायची. तीस वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती याच घरातून नाहीशी झाली. तपास ऑर्विलकडे होता. तो पोलिसातून निवृत्त झाला, पण तपास काही त्याला सोडेना. टीव्हीवाले आता तो प्रसंग पुन्हा उभा करत होते, बघून कुणाला काही आठवलं तर आठवावं म्हणून. आईवडिलांशेजारची दफनाची जागा एडनानं लोर्नासाठी अजून राखून ठेवली होती.

एक गोष्ट मात्र ऑर्विलनं कुणालाच सांगितली नव्हती. पोलिसांची रीतच ती: एक खूण लपवून ठेवायची, म्हणजे खोटी कबुली द्यायला येणारे उघडे पडतात. असे कितीतरी येऊन गेले. ऑर्विल एवढंच विचारायचा, "तिचे बूट कुठं होते?" एकालाही सांगता आलं नाही. उत्तर ठाऊक असलेला त्याचा पोलिसातला जोडीदार केव्हाच वारला होता.

लोर्नाचं काम करायला डेल्फीन नावाची मुलगी शिकागोहून आली होती. दिग्दर्शक तिला म्हणाला, "खिडकीशी उभी राहा, मग मागच्या दारानं बाहेर. बस्स."

कॅमेरा सुरू झाला. बाहेर गोठलेल्या तळ्यावर दुपारचं ऊन निवांत पहुडलं होतं. डेल्फीन खिडकीशी उभी राहिली. मग वाकून तिनं बूट काढले, ओव्हन उघडून आत जोडीनं ठेवले, आणि निजलेल्या लेकराच्या खोलीचं दार लोटावं तसं ओव्हनचं दार हलकेच लोटलं.

"अगं बाई, हे कुठून काढलंस?" दिग्दर्शक हसला.

"काय की. ठेवावेसे वाटले."

ऑर्विलनं कप खाली ठेवला.

"एडना, तिचे बूट तिथंच होते. म्हणून आम्ही म्हटलं, अनवाणी पोरगी एवढ्या बर्फातून चालत जाईल कुठं? गाडीत घालून नेली कुणीतरी. मग सगळे रस्ते पालथे घातले."

एडना त्याच्याकडे बघतच राहिली. "अरे, परत आल्यावर उबदार मिळावेत म्हणून ठेवायचो ते! लहानपणापासून. रबरी बूट चढवायचो आणि तळ्याकाठच्या बर्फघरात जायचो, तळ्यातला बर्फ भुशात साठवायचे त्या. तिथं आवाज घुमतो, म्हणून तिला तिथंच गायला हवं असायचं." तिचा स्वर खाली आला. "तू गाडी म्हणालास, मी गाडीच धरून बसले. ऑर्विल, मेल्या, मला एकदा विचारायचंस तरी."

बर्फघराचं छप्पर त्याच हिवाळ्यात कोसळलं होतं. तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. टीव्हीच्या माणसांनी फळ्या उचलल्या, ऑर्विलनं खालचा लाकडाचा भुसा हातांनी बाजूला केला.

रबरी बूट दिसला. मग दुसरा.

त्यानं टोपी काढली.



डेल्फीन अनवाणीच मागोमाग आली होती. एडनानं आपला कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला. डेल्फीननं एडनाच्या सुरकुतल्या गालावरून हात फिरवला.

"एडी," ती म्हणाली, "किती गं म्हातारी झालीस."

एडना दचकली नाही. तिनं त्या कोटाची वरची गुंडी लावली, मग खालची.