चार वाजून बारा

पिराजीच्या वखारीत त्या दिवशी तीस फुटांचा, नजरेला सरळ भरेल असा एकच बांबू होता. त्याला एकाच वेळी दोन हात लागले.

एक हात क्रांतीचा. दुसरा कुणाचा, म्हणून तिनं वळून पाहिलं. बाह्या दुमडलेला निळा शर्ट, नाकावर घसरलेला चष्मा, आणि बांबू सोडायची तयारी नसलेली पाच बोटं.

"पावणं, सोडा. आधी मी धरलाय."

"धरलाय तुम्ही, पण मोजला मी. अख्ख्या वखारीत असला दुसरा नाही."

पिराजीनं तंबाखू मळता मळता दोघांकडं पाहिलं. "मांडवाला पायजे व्हय? मग दोघांत एकच मांडव घाला की. माजाबी बांबू वाचंल."

क्रांतीचे कान तापले. "मांडव न्हाय काका. अँटेना बांधायची हाय."

पलीकडची पाच बोटं हळूच सुटली. "कुठला बँड?" त्यानं विचारलं... एस.टी.त शेजारी बसलेल्यानं 'कुठलं गाव' विचारावं, तसं.

"वीस मीटर," तिनं रेडिओलहरींची लांबी सांगितली.

"माझाही तोच विचार होता. पण आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गच्चीवर काठी लावू देत नाहीत."

"मग बांबू कशाला घेताय?"

"आशेनं," तो म्हणाला. आणि असं काही हसला, की क्रांतीला त्या एवढ्याशा हसण्यावरून नजर काढायला वेळ लागला.

त्याचं नाव सौमित्र. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत तो यंत्रांची देखभाल बघायचा. क्रांती पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची लॅब सांभाळायची. दोघांकडं हौशी रेडिओचा सरकारी परवाना होता, दोघांना आपापली कॉल साइन होती, म्हणजे हवेतलं स्वतःचं नाव. तरी एकाच शहराच्या अंगणात राहून दोघांची गाठ कधी पडली नव्हती. हवेतली माणसं हजारो मैलांवरची ऐकू येतात, शेजारची निसटून जातात.

"बांबू तुमचा," सौमित्र म्हणाला. "बांधायला मात्र मी येणार."

आला. एकदा नव्हे, चार रविवार आला. उचगावात क्रांतीच्या वडिलांच्या, अण्णांच्या, घराच्या गच्चीत बांबू उभा राहिला, तार ताणली गेली, जुना विकत घेतलेला शंभर वॉटचा रेडिओ संच माडीवरच्या खोलीत बोलू लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. उचगावच्या पोरींसारखी क्रांती 'मी आलो, मी गेलो' असं बोलायची. सौमित्र म्हणायचा, "पहिल्या दिवशी मला वाटलं, आत तुझा भाऊ बोलतोय." ती म्हणायची, "भाऊ असता तर बांबूनं हाणला असता तुला."

आक्का, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, जोंधळे पाखडताना सगळं पाहायची. एके दिवशी सुपाच्या तालावर तिनं सहज ओवी सोडली —

उंच उंच गं बांबूला, तार बांधली सोन्याची
सातासमुद्राशी बोले, वाट दारच्या पावण्याची...

"आक्का, गप की," क्रांती म्हणाली. सौमित्र गच्चीच्या कठड्याकडं तोंड करून उगीचच दोरी तपासत राहिला.

फेब्रुवारीत स्पर्धा होती. रविवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. बारा तासांत जगभरच्या जास्तीत जास्त केंद्रांशी बोलायचं. बोलणं तरी किती? एकमेकांची कॉल साइन, आवाज कसा येतोय त्याचा आकडा आणि आपला अनुक्रमांक. ऐकलं ते तत्काळ लॅपटॉपवरच्या लॉगमध्ये नोंदवायचं आणि पुढच्याला हाक द्यायची. नवा देश मिळाला की गुण भराभर वाढायचे. नवख्यांच्या, एकट्यानं उतरायच्या गटात पहिल्या येणाऱ्याला ढाल होती, आणि त्या गटाचा कायदा कडक होता. ऐकणार एकजण, बोलणार तोच, लिहिणारही तोच. बाकीच्यांनी चहा द्यावा, पंखा लावावा. संचाला हात लावायचा नाही, कोण कुठं ऐकू येतंय तेही सांगायचं नाही.

त्या दिवशी अण्णांनी कडबाकुट्टीची मोटार बंद ठेवली, कारण ती चालली की क्रांतीच्या कानात भुंगे शिरायचे. आठ म्हशींची वैरण त्यांनी विळ्यानं तोडली. दूधसंस्थेत आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं, "आमची पोरगी पयली येणार हाय."

सौमित्र उंबऱ्यापाशी स्टूल टाकून बसला. मधेच त्याच्या ओठावर "थोडं वर..." एवढं आलं, तशी क्रांतीनं मागं न वळता बोट उचललं. तो शब्द गिळून बसला. दुपारपर्यंत तिचा आवाज बसला होता, डोळे लाल झाले होते, आणि लॉगमध्ये दीडशे नावं होती. इतकी सुंदर ती कधी दिसली नव्हती, असं त्याला वाटलं... आणि ते त्याच्या तोंडावर वाचून तिचा एक आकडा चुकता चुकता राहिला.

चार वाजता वारं सुटलं. गच्चीवरून अण्णांची हाक आली, "दोरी ढिली पडली गं, बांबू डुलतोय!"

सौमित्र उठला. "मी बघतो."

"नगं. गाठ मी मारलीय, मीच बघतो," म्हणत क्रांतीनं हेडफोन टेबलावर ठेवला आणि जिना चढली.

ती खाली आली तेव्हा तळव्याला दोरीचा लाल वळ होता. सौमित्र स्टुलावर होता. जरा जास्तच ताठ. तिनं ते पाहिलं आणि विसरून गेली.

सहाला दोनशे चौदा झाले. गच्चीवर ऊन पिवळं पडलं होतं, पलीकडच्या शिवारातून गुऱ्हाळाचा गोड धूर येत होता. कठड्याला टेकून सौमित्र म्हणाला, "क्रांती... अण्णांना विचारू का? तुझ्याबद्दल... आपल्याबद्दल?"

"लॉग शुक्रवारी सहापर्यंत पाठवायचाय. तवर माझं डोकं ठिकाणावर न्हाय. शुक्रवारी सांगतो."

"शुक्रवारी," तो म्हणाला. जणू ती एखाद्या गावाची पाटी होती.

सोमवारी संध्याकाळी क्रांती लॉग तपासायला बसली. वरचा क्रमांक गाठू पाहणाऱ्या स्पर्धकांनी सगळ्या बारा तासांचा आवाज जपून ठेवायचा, असा नियम होता. तिनं संचाला लॅपटॉप जोडून तो भरून ठेवला होता. नोंद वाचायची, तेवढा तुकडा ऐकायचा आणि पुढं जायचं.

एका नोंदीपाशी ती थांबली. फिजी बेट. आपल्या घड्याळानं चार वाजून बारा मिनिटं.

चार वाजून बारा मिनिटांनी ती गच्चीवर होती. दोन्ही हातांत दोरी होती.

तिनं आवाज सुरू केला. समुद्रासारखी खरखर, आणि तिच्यातून एका म्हाताऱ्या माणसाची बारीक होत चाललेली हाक... एकदा, दोनदा, तीनदा. मग अगदी कानाशी, हळुवार, एक ओळखीचा आवाज. सौमित्रचा. तो तिची कॉल साइन उच्चारत होता. आपलं नाव इतकं जपून कुणी घेतलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं आवाज बंद केला.

फिजी हा नवा देश होता. बाकीच्यांनी जाहीर केलेल्या गुणांशी ताडून पाहता, त्या एका ओळीवर ती पहिली येत होती.

ओळ खोडावी, तर पलीकडच्या म्हाताऱ्याचा संपर्क बुडणार, कारण त्याच्या लॉगमध्ये ती होती आणि तिच्या लॉगमध्ये तो नसता. शिवाय ओळ खोडून झालेली गोष्ट थोडीच खोडली जाणार होती? तिच्या जागेवर दुसरं माणूस बसलं होतं. ढाल गेली होती. पण क्रांतीला रात्रभर टोचत राहिली ती ढाल नव्हती. तो स्टुलावर ताठ बसला होता आणि काही बोलला नव्हता, हे टोचत राहिलं.

सांगेल, तिनं स्वतःला समजावलं. शुक्रवारच्या आत सांगेल. नाही सांगितलं, तर... पुढचा विचार तिला करवेना.

मंगळवारी त्याचा फोन आला. तिनं मुद्दाम वाट करून दिली. "लॉग तपासतोय. काय चुकलंबिकलं असंल तर आत्ताच कळलेलं बरं."

"चुकणार नाहीस तू," तो म्हणाला.

बुधवारी ती म्हणाली, "रविवारी दुपारी बँड कसा होता रे, मी गच्चीवर असताना?"

"होता... बरा होता," तो म्हणाला, आणि फौंड्रीत कुणीतरी बोलावतंय असं सांगून फोन ठेवला.

गुरुवारी फोनच आला नाही.

अण्णांनी मात्र भिंतीला खिळा ठोकला होता. "ढाल हितं लावू. दारातनं आलेल्याला दिसली पायजे." क्रांतीनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. आक्कानं ताट पुढं ओढलं. "काय गं, पावण्यानं काय केलं का?"

"काय न्हाय केलं," क्रांती म्हणाली. आणि तेच तर दुखत होतं.

शुक्रवारी पाच वाजेपर्यंत ती संचासमोर नुसती बसून होती. साडेपाचला मोटारसायकल वाजली. सौमित्र आत आला तो कारखान्याच्या कपड्यांतच. कपाळाला काजळी, चष्मा पुन्हा घसरलेला. स्टुलावर न बसता तो उभाच राहिला.

"लॉग पाठवलास?"

"अजून न्हाय."

"पाठवू नकोस. आधी ऐक." "चार बाराची फिजीची नोंद माझी आहे. तू गच्चीवर होतीस. तो तुला हाका मारत होता... तीनदा मारल्या. विरत चालला होता गं. हात आपोआप गेला. लिहूनही टाकलं. मग तू खाली आलीस, हातावर वळ घेऊन हसत, आणि माझी जीभच उचलेना."

"आणि मंगळवारी? बुधवारी?"

"तू पहिली येत होतीस. अण्णांनी हातानं वैरण तोडली होती." तो थांबला. "आणि खरं सांगू? आज तू मला उत्तर देणार होतीस. हे आधी सांगितलं तर ते उत्तर जाईल, अशी भीती होती. काल रात्री कळलं, न सांगता घेतलं तर ते माझं नसेलच."

क्रांतीनं हेडफोन त्याच्या कानावर चढवला आणि कळ दाबली. तिला ऐकू येत नव्हतं, पण त्याच्या तोंडावरून तिला कळत होतं... आता खरखर, आता म्हातारा, आता तो स्वतः.

त्यानं हेडफोन काढला. "तुला माहीत होतं."

"सोमवारपास्नं."

"आणि विचारलं नाहीस? पाच दिवस मी..." त्याचा आवाज दुखावला होता. "सरळ विचारायचंस की."

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस, ते ठाऊक हाय मला. मला न विचारता पायजे होतं." तिची बोटं टेबलाच्या कडेवर आवळली गेली. "आणि मला बी भ्या वाटत होतं, सौमित्र. तू खोटं बोललास तर काय करायचं, ते कळत नव्हतं. तेवढ्यासाठी गप बसलो."

तो हळूच स्टुलावर बसला. "मी आलोच नसतो तर?"

"तर लॉग स्पर्धेबाहेरचा म्हणून गेला असता. आणि तुला उत्तर बी गेलं असतं. तसलंच."

बाहेर उसाची एक ट्रॉली खडखडत गेली.

मग क्रांतीनं लॅपटॉप दोघांच्या मध्ये सरकवला. "फिजीचा संपर्क ऱ्हाऊ दे. त्या म्हाताऱ्याचं काय चुकलं? गट बदलू." एकट्याचा गट काढून तिनं एकाहून अधिक चालकांचा गट निवडला. तिथं मोठमोठे क्लब उतरायचे, ढालीचं नावसुद्धा काढायला नको होतं. गट बदलताच एक मोकळी ओळ उघडली: संच चालवणाऱ्या सगळ्यांच्या कॉल साइन लिहा.

तिनं आपली लिहिली. थांबली. मग मध्ये एक जागा सोडून, न विचारता, त्याची लिहिली.

सौमित्र त्या ओळीकडं पाहत राहिला. "एकच तर संपर्क केलाय मी."

"एक केला तरी नाव लागतंय. नियमच हाय तसा."

सहाला सात मिनिटं कमी असताना लॉग गेला. मिळाल्याची पोच लगेच आली. आता पडद्यावर करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तशी दोघांची नजर कुठं ठेवावी याची पंचाईत झाली.

"क्रांती... आणि माझं उत्तर?"

ती खिडकीकडं वळली. तिथून खाली गोठा दिसत होता. "अण्णा धार काढायला बसलेत. हळू बोल जा, म्हशी बुजत्यात."

"म्हणजे... विचारू?"

"आधी रविवारचं सांग. ढाल गेली ते तुझ्या तोंडानं कळू दे त्यांना. मग दुसरं विचार. ह्याच क्रमानं."

तो जिना उतरला. खिडकीशी उभ्या क्रांतीला तो गोठ्याच्या दारात वाकताना दिसला, मग आत दिसेनासा झाला. ऐकू येत होता तो फक्त बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज... चुर्र, चुर्र, चुर्र.

धार थांबली. क्रांतीनं खिडकीचा गज धरला.

एक म्हैस फुरफुरली. मग धार पुन्हा सुरू झाली, पहिल्यापेक्षा संथ. क्रांतीनं श्वास सोडला तोच धार दुसऱ्यांदा थांबली. या खेपेला ती इतका वेळ बंद राहिली, की खालच्या पडवीत आक्काचं सूपसुद्धा थबकलं.

"क्रांते," गोठ्यातून अण्णांची हाक आली. आवाज घोगरा, पण चढलेला नव्हता. "तांब्या घिऊन खाली ये. पावण्यांस्नी धारोष्ण दूध दे. पोरगं नुसतं थरथरतंय हितं."