शेजारची सीट

जुन्या मोटारींच्या छंदात पडलेल्या लोकांइतकी कंटाळवाणी जमात मी दुसरी पाहिलेली नाही, आणि हे मी त्याच जमातीत बसून सांगतो आहे. रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात ही मंडळी आपापल्या गाड्या ओळीने लावतात, बॉनेट उघडतात आणि एकमेकांच्या इंजिनात डोकावून माना डोलावतात. प्रत्येकाच्या हातात एक मऊ फडकं असतं. पोटं सुटलेली, गुडघे धरलेले हे लोक वेग गाठायला लागणारा वेळ किंचितसा कसा घटवता येईल यावर तासभर वाद घालतात, आणि घरी जाताना गतिरोधक आला की खालचा पत्रा घासू नये म्हणून गाडी तिरकी करून गोगलगायीसारखी चढवतात.

त्यांच्यात माझी पत शून्य. मी छापखान्यात प्रूफं तपासण्यात जन्म घालवलेला माणूस. मोटारीचं काम मी कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकातून शिकलो, आणि शिकताना त्यातल्या मुद्रणाच्या चुकांवर पेन्सिलने खुणा केल्या. हे एकदा मैदानात भोळेपणाने बोलून गेलो. तेव्हापासून मी आलो की कुणी ना कुणी विचारतो, "काय काका, आज कुठला काना चुकला?"

गाडी मुळात माझी नव्हतीच. माझ्या थोरल्या भावाची होती. तीन दारांची, ठेंगणी हॅचबॅक, दिसायला साबणाच्या वडीसारखी. पण तिच्या काळात मोठमोठ्या गाड्यांना मागे टाकणारी. दादाने ती तरुणपणी घेतली आणि तेव्हापासून ज्यांच्याकडे ती नाही त्या सगळ्यांना तो अर्धवट समजू लागला. मला तर तो त्याआधीपासूनच समजत होता. पुस्तकी किडा, थोडक्यात किड्या, हे माझं घरातलं नाव त्यानेच पाडलेलं.

सुट्टीच्या दिवशी तो मला शेजारी बसवून वळणावळणाच्या रस्त्याने गाडी पळवायचा. मी घाबरायचो. घाबरलो की सीट पुढे ओढून घेण्याची मला सवय होती. गुडघे पुढच्या पत्र्याला टेकले की जरा धीर यायचा. दादाला याची शिसारी यायची. पुढच्या थांब्याला तो वाकून सीटचा खटका ओढायचा आणि मला सीटसकट मागे ढकलायचा. म्हणायचा, "किड्या, अंडी उबवतोयस का? सीट मागे घे." हा विनोद त्याने पाहुण्यांना सांगितला, व्याह्यांना सांगितला, माझ्या निवृत्तीच्या समारंभात माईक मागून घेऊन सांगितला.

मग त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत त्याचा पलंग मांडला. त्या खोलीची एकुलती खिडकी गॅरेजच्या भिंतीकडे उघडते, त्यामुळे तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो. मी वरच्या मजल्यावर एकटा राहतो. एके दिवशी वहिनींनी गाडीची किल्ली वर आणून माझ्या टेबलावर ठेवली. "भाऊजी, तुम्हीच बघा तिच्याकडे. मला ते खोकं डोळ्यांसमोर नको."

दादाचं एक तत्त्व होतं. गाडीत सगळं मूळचं हवं. कंपनीने बसवलं ते खरं, बाकी सगळी ठिगळं. जे लोक आपल्या गाडीत नवे, जास्त ताकदीचे भाग बसवतात त्यांना तो शिंपी म्हणायचा. तेव्हा मी ठरवलं की या गाडीत मूळचं काही ठेवायचं नाही. याला सूड म्हणणं फार होईल. सुडाला लागते ती धमक माझ्यात नाही. दुसऱ्याच्या मजकुरात खाडाखोड करायची मला सवय आहे, इतकंच.

सुरुवात ब्रेकपासून केली. जड कामाला एक फिटर यायचा. जगात आपण सोडून सगळे गाढव आहेत अशी त्याची खात्री होती आणि तोंडात स्क्रू धरून तो ती बोलून दाखवायचा. जुने पॅड हातात धरून म्हणाला, "काका, हे अजून अर्धे शिल्लक आहेत. उगाच फेकताय." मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून गॅरेजच्या खालच्या फळीवर ठेवले. मी काही फेकू शकत नाही. बाद झालेली प्रूफंसुद्धा माझ्या कपाटात पडून आहेत.

काही आठवड्यांनी जुन्या स्प्रिंगा त्याच फळीवर ठेवायला गेलो तेव्हा तो कागद काळा झालेला दिसला. उघडला. पॅड पार पत्र्यापर्यंत झिजले होते. कागदावर काळी, मऊ, ताजी भुकटी साचली होती.

मी फिटरला विचारलं. तो हसला. झिजले म्हणून तर बदलले, मी कशाला अर्धे म्हणेन, म्हातारपणी असं होतं, असं त्याने मला समजावलं. मला ते पटलं. मोठ्या आवाजात बोलणाऱ्या माणसावर मी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास ठेवत आलो आहे.

मग रेडिएटर बदलला, क्लच बदलला, वेगाचा काटा असलेली पुढची अख्खी पाटी बदलली. सीटाही बदलल्या. पुढचे बोल्ट सुटावेत म्हणून सीट पार मागे सरकवावी लागते, तशा जुन्या दोन्ही सरकवल्या आणि तशाच उचलून भिंतीशी शेजारी शेजारी ठेवल्या. शेजारच्या सीटचे रूळ गंजले होते. ती त्या जागी अशी काही अडकून बसली की फिटरने तेल सोडलं, हातोडी मारली, शेवटी शिवी देऊन नाद सोडला.

जुना रेडिएटर मी धुऊन, पुसून उभा करून ठेवला होता. एका दुपारी त्याच्या जाळीत किडे दिसले. चिरडलेले, पंख फाटलेले, अजून ओलसर. वेगात जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर आदळतात तसे. मी हात लावला. रेडिएटर कोमट होता. गॅरेजला खिडकी नाही.

बाहेर येऊन मी बराच वेळ हात धूत राहिलो. मग वर जाऊन पुस्तक उघडलं आणि एकच पान पुन्हापुन्हा वाचत बसलो.

दरम्यान दादाची झोप वाढत चालली होती. डॉक्टर येत, नाडी मंद आहे म्हणत, विश्रांती मिळते आहे ते चांगलंच म्हणत. वहिनींना ते पटत नव्हतं. "तुम्ही तिकडे ठोकाठोक करता ना, त्या दिवशी हे डोळेच उघडत नाहीत. आणि उठले की अंगाला पेट्रोलचा वास येतो. तुम्ही हात धुऊन येत जा बरं."

मी हात धुऊनच येत होतो.

दादाचा डावा हात, जो अजून जिवंत होता, चादरीवर सतत हलत असे. पुढे, मागे, आडवा, पुन्हा पुढे. डॉक्टरांच्या मते तो नसांचा खेळ होता. पण तो हात गिअर बदलत होता, आणि नेहमीसारखाच दुसऱ्यावरून तिसऱ्यावर टाकताना घाई करत होता.

एकदा वहिनी त्याचं अंग पुसत होत्या. त्यांनी मला हाक मारली आणि त्याचा उजवा हात उचलून दाखवला. तो लुळा हात कोपरापासून मनगटापर्यंत उन्हाने रापला होता. वरची कातडी सोलवटली होती. चालवताना दादा तो हात खिडकीबाहेर टेकवून ठेवायचा; तारुण्यात त्याचा तो एकच हात काळा असे आणि त्याचाही त्याला अभिमान वाटे.

"इथे तर ऊन येतच नाही," वहिनी म्हणाल्या. मी कसलंसं औषध सुचवलं. मलाच ते ऐकून माझी कीव आली.

तरीही मी इंजिन बदललं. त्याच कंपनीच्या पुढच्या, जास्त ताकदीच्या गाडीचं बसवलं. यावर मैदानात पहिल्यांदा मंडळींनी माझ्या बॉनेटखाली डोकावून पाहिलं, आणि मग मी ती गाडी कशी चालवतो ते पाहिलं आणि सशाला वाघाचे पाय लावल्याचं एकमत केलं. ते बरोबर होतं. जुनं इंजिन तेल काढून, कोरडं करून कोपऱ्यातल्या लाकडी ओंडक्यांवर ठेवलं होतं. मैदानातून परत आलो, गाडी लावली, आणि मला टिक टिक ऐकू आलं. बंद केलेलं इंजिन निवताना त्याचा धातू असा वाजतो. मी बॉनेटला कान लावला. आवाज तिथून येत नव्हता. कोपऱ्यातून येत होता.

पत्रा सोडला तर आता मूळचं एकच उरलं होतं. स्टीअरिंगचं चाक.

त्याच आठवड्यात दादा बोलला. "चाक," म्हणाला. वहिनींना 'चहा' ऐकू आलं. त्या आनंदाने चहा करून घेऊन आल्या, चमचा चमचा भरवू लागल्या. त्याने तो थुंकला आणि माझ्याकडे पाहिलं. "किड्या. चाक."

आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याकडे काहीतरी मागत होता.

मी ते दिलं नाही. तोवर मला कळून चुकलं होतं की बाकीची सगळी गाडी त्याच्याकडे पोचली आहे आणि तो या पलंगावर केवळ त्या एका चाकामुळे अडला आहे. ते जागेवर राहिलं तर दादा राहील. वहिनींसाठी मी ते अडवून धरलं, असं मला म्हणायला आवडेल. पण ज्याने जन्मभर माझी सीट मागे ढकलली, त्याला थांबवून ठेवण्यात काय सुख असतं ते मला पहिल्यांदाच कळत होतं.

त्याची झोप उडाली. पाठीला जखमा झाल्या. डावा हात आता चादरीवर नुसता आपटत राही. खोलीतून जाताना मी खाली बघून जायचो, तरी मागून तो शब्द यायचाच.

शेवटी वहिनी वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "काय मागताहेत ते द्या हो. तुमच्या दोघांच्या भांडणात मी मरतेय."

"वहिनी, दिलं तर तो जाईल."

त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. "भाऊजी, ते कधीच गेलेत. खाली मी एकटीच असते."

दुपारी मी हॉर्नची टोपी काढली, मधला नट सोडवला. चाक घट्ट बसलेलं असतं, हिसके द्यावे लागतात, असं पुस्तकात छापलं होतं. ते आपसूक माझ्या हातात आलं.

मी ते दादाच्या छातीवर ठेवलं.

डाव्या हाताने ते पकडलं. मग चादर हलली आणि उजवा हात वर आला. रापलेला, लुळा, डॉक्टरांनी सोडून दिलेला हात. त्यानेही पकडलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. निदान आता तरी त्या नजरेत काही वेगळं असेल अशी माझी आशा होती. तीच होती, नेहमीची, किड्याकडे बघण्याची.

मग त्याने समोर पाहिलं.

दिवेलागणीच्या आधी तो गेला. त्याची बोटं सोडवायला आम्हां दोघांना बराच वेळ लागला.

मैदानातली मंडळी भेटायला आली. हळहळली, आणि जिन्यात उभं राहून गाडी विकणार का, असं मला वेगवेगळं, एकमेकांना चोरून, विचारून गेली. सगळं आटोपल्यावर मी गॅरेजचं दार उघडलं. दिवा लावला.

पॅड, रेडिएटर, इंजिन, सगळं जिथल्या तिथे होतं. चाक मी फळीवर ठेवलं होतं, ते फळीवरच होतं. धरायच्या दोन जागी ते ओलसर होतं, घामेजल्या तळव्यांनी नुकतंच सोडावं तसं.

कुठेही आवाज नव्हता.

भिंतीशी त्या दोन सीटा होत्या. चालवणाऱ्याची सीट पार मागे, दादाच्या लांब पायांच्या मापाने. बसायच्या जागी खळगा पडला होता. मी हात ठेवला. उबदार होती.

शेजारची गार होती. तिच्यावरची धूळ कुणीतरी झटकली होती.

आणि ती पुढे ओढलेली होती. गंजलेल्या रुळांवरून, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत, माझे गुडघे टेकतील इतकी.