काचबाईच्या पोटातला उजेड

खोटं वाटलं तर वाटू दे. हे माझ्या आईच्या बाबतीत खरंच घडलंय. तेव्हा तिथे मीही होते... तिच्या पोटात.

आई आरोग्य संग्रहालयात कामाला होती. तिथे माणसाच्या उंचीची एक पारदर्शक बाई उभी होती. गावोगावच्या प्रदर्शनांत फिरून शेवटी इथे येऊन टेकलेली. होती प्लास्टिकची, पण सगळे तिला काचबाई म्हणत. आई पडदे ओढायची, टेप लावायची. "मी हृदय," असं टेपवरचा आवाज म्हणायचा आणि हृदयातला दिवा लागायचा. मग यकृत, मग जठर.

गर्भाशयाचा दिवा मात्र साहेबांनी काढायला लावला होता. शाळेची मुलं येतात ना! टेपवरचं ते वाक्यही पुसलं. तेवढ्या जागी नुसती खरखर.

त्या दिवशी दुपारी पुढच्या खेळाआधी आई टेप तपासत होती. तिला आठवा महिना होता. खरखर सुरू झाली...

आणि थांबली.

धडधड ऐकू येऊ लागली. बारीक. घाईची.

काचबाईच्या ओटीपोटात उजेड होता.

आईने वायरमनकाकांना हाक मारली. काकांनी पाठीमागचं झाकण उघडलं. आत बल्बच नव्हता. तरी त्यांच्या तळहातावर लालसर उजेड पडला.

"उंदरांनी वायर कुरतडली असेल," काका म्हणाले.

धडधड मंदावली. एक ठोका चुकला... मग दुसरा.

आईचा हात स्वतःच्या पोटावर गेला. सकाळपासून बाळ हललंच नव्हतं. कामाच्या धबडग्यात तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"काका, गाडी बोलवा. आत्ताच्या आत्ता!"

ऑपरेशन झालं. नाळ माझ्या गळ्याभोवती आवळली होती. "अजून थोडा उशीर झाला असता तर..." डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी वाचले.

काका दवाखान्यातून संग्रहालयात परतले, तेव्हा पोटातला उजेड गेला होता. आता फुप्फुसं उजळली होती. उजेड वाढायचा, कमी व्हायचा... श्वासासारखा.

काकांनी बटण बंद केलं. प्लग काढला. शेवटी वायर कापली.

दिवा चालूच.

साहेबांची पाचावर धारण बसली. त्यांनी काचबाईला खोक्यात भरून ट्रकने कुठेतरी पाठवून दिलं. कुठे, ते कुणालाच माहीत नाही. पुढे साहेब वारले, काकाही वारले.

आई म्हणते, "नको त्या चौकशा करू नकोस. सुखात आहेस ना?"

आहे. पण कधीकधी काही कारण नसताना मला धाप लागते. दोन-तीन श्वास अडतात, मग सुटतात.

तेव्हा वाटतं, कुणीतरी ते खोकं उघडलंय... आणि आत हात घालून बघतंय.