कोरी बाटली

रविवारची दुपार. माझी लेक नित्या झोपलेली, आई जेवून आडवी झालेली, आणि मी सहावीचे पेपर तपासत बसलेली. घरात पंख्याचाही आवाज नव्हता, कारण वीज गेली होती. तेवढ्यात वरून कुकरची शिट्टी वाजली.

मी दचकले. वरच्या खोलीत तर चूलच नाही! आदल्या दिवशी मी जवळच्या ओरत्तनाडु गावी लग्नाला गेले होते. तेव्हा आईने ती खोली पुण्याच्या कुणा संशोधकाला भाड्याने दिली, जेवण आमच्याकडे ठरलं, एवढंच मला ठाऊक. मग हा वर काय शिजवतोय?

दुसरी शिट्टी झाली तशी जिना चढून गेले. दार उघडंच. रॉकेलच्या स्टोव्हवर आमचाच जुना कुकर, आणि त्याच्यासमोर हातातल्या घड्याळाकडे टक लावून बसलेला एक उंच, सावळा माणूस...

"काय शिजतंय?"

तो धडपडत उभा राहिला. "काही नाही. म्हणजे... बाटल्या."

"बाटल्या! किती शिट्ट्या लागतात हो बाटलीला?"

"वीस मिनिटं." मग ओशाळं हसला. "आत एकही जंतू जिवंत उरता कामा नये."

"आणि मग?"

"मग त्यांत जंतू शोधायचे."

मी चौकटीला टेकून हसत सुटले. खूप दिवसांनी हसले असेन, कारण खालून आईचा आवाज आला, "अंबा, काय जाहलें गं?"

त्याचे डोळे चमकले. "जाहलें! बखरीतलं कुणी बोलल्यासारखं वाटतं तुमच्या घरात."

"आणि तुमचं ऐकून आम्हाला रेडिओ लावल्यासारखं वाटतं," मी म्हटलं.

त्याचं नाव अनिरुद्ध. आईने त्याला 'राव' लावून टाकला होता, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आम्हा मराठी लोकांकडे पुरुषाचं नाव रावावाचून उघडंबोडकं दिसतं. ओरत्तनाडुच्या पलीकडे भातखाचरांमध्ये एक कंपनी तेलासाठी जमीन खणत होती. किलोमीटरभर खालून खडकाचे गोल तुकडे वर यायचे, त्यांतले काही ते लोक त्याला देत. खाली ऊन नाही, हवा नाही, हात भाजेल एवढी उष्णता. तरी तिथे कुणीतरी जगत असावं, असं त्याला वाटत होतं.

"खातात काय ते?"

"दगड. दगडातलं लोखंड, गंधक. आणि इतकं सावकाश... एकाचे दोन व्हायला शंभर वर्षंही लागत असतील."

"मग तुम्हाला ह्या जन्मी काय दिसणार?"

"उपाशी म्हणून सावकाश हो. नीट वाढलं की भराभर बाळसं धरतात." तो थांबला. "तुमच्या आईच्या हातचं रसम खाऊन माझं होईल तसं."

गावातल्या ज्या कॉलेजात तो काम करणार होता, तिथे विजेचा भरवसा नव्हता आणि बाटल्यांना तर सतत ऊब हवी. आईनेच जागा दिली. आमच्या मागच्या पडवीत तुसाची चूल दिवसभर धुमसत असते, तिच्या भिंतीलगत आई दही लावते. तिथे बाटल्या ओळीने बसल्या. सगळ्यांत खडकाचा चुरा. शेवटची मात्र नुसतीच. तेच पाणी, तेच खाणं, तसंच उकळलेलं, फक्त खडक नाही.

"ही कोरी," तो नित्याला मांडीवर घेऊन सांगत होता. "बाकीच्या गढूळ झाल्या आणि ही स्वच्छ राहिली, तर समजायचं की खडकातलेच कुणी आहेत. हीही गढूळ झाली तर माझ्याच हाताचे जंतू आत गेले, सगळं फुकट."

"म्हणजे ही सोवळ्यातली," मी म्हटलं.

"अगदी!"

त्याने तिच्यावर देवनागरीत चिठ्ठी चिकटवली. आमच्या घरात देवनागरी कुणालाच येत नव्हती. मराठी तोंडात, अक्षरं तमिळ. म्हणून मग नित्याची आणि माझी शिकवणी सुरू झाली. पाच वर्षांची नित्या माझ्याआधी शिकली. तिचं लक्ष अक्षरांकडे असायचं ना... माझं कुठे असायचं, ते काय सांगू?

एका संध्याकाळी गच्चीवर वाळवणं काढत होते. पूर्वेला एक तांबूस तारा नुकता वर आला होता.

"मंगळ," तो मागून म्हणाला. "मंगळावरून आलेल्या दगडाची बातमी वाचली होती ना गेल्या वर्षी? जिवाच्या खुणा आहेत म्हणतात, नाहीत म्हणतात. भांडण चाललंय."

"माझ्या पत्रिकेतही आहे तो." मला हसून सांगायचं होतं, पण जमलं नाही. "नित्या सहा महिन्यांची असताना तिचे अप्पा तापाने गेले. लोक म्हणतात, माझ्या मंगळानेच..."

त्याने त्या ताऱ्याकडे बोट केलं.

"तिथे एक जंतू सापडेना म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ हैराण आहेत. तो काय कुणाचं वाईट करणार, अंबा?"

इतक्या दिवसांची अंबाबाई नव्हे — अंबा. माझ्या हातातले तांदळाचे वडाम टोपलीबाहेर पडले.

"मग तिथे शोधता तरी कशाला?"

"वरून वाळवंट दिसतं म्हणून आत कुणी जगतच नसेल, असं कसं म्हणायचं?" तो म्हणाला. आणि तो मंगळाकडे बघत नव्हता.

मी टोपली उचलून खाली पळाले.

मग बाटल्या गढूळल्या. एकामागून एक, दुधाचा थेंब पडावा तशा. कोरी तेवढी लखलखीत. तो पुन्हा पुन्हा पडवीत जाऊन बघून यायचा. मलाही आनंद झाला... खरंच झाला. पण त्याचा अर्थ मला कळत होता. काम झालं. बाटल्या घेऊन शुक्रवारच्या गाडीने तो पुण्याला जाणार, आणि वरची खोली पुन्हा नुसती खोली होणार. 'थांबा' म्हणायचं तर कोणत्या तोंडाने? पोरीची आई मी, आणि गावाला माझा मंगळ पाठ.

गुरुवारी सकाळी पडवीतून त्याची हाक आली. धावत गेले. तो कोरी बाटली उजेडात धरून उभा होता. आतलं पाणी पांढुरकं.

"संपलं," तो म्हणाला. चेहरा उतरलेला. "माझीच चूक. सगळ्याच बाटल्या आता संशयाच्या."

आई ताकाचं भांडं घेऊन आली. "तीच ना? बाकीच्या लागल्या, ही एकटी लागेचना. म्हणून चमचाभर विरजण घातलें काल. का हो, बिघडलें काही?"

मला भुईत शिरावंसं वाटलं. "अय्यो, आई! चिठ्ठी होती त्यावर!"

"मला कुठे येतात तुमची ती अक्षरं?"

अनिरुद्धने बूच काढून वास घेतला. आंबट ताक! क्षणभर मला वाटलं, आता हा ओरडणार. पण तो पायरीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसला.

आई भांडं घेऊन आत गेली. मी त्याच्यापासून एक पायरी सोडून वर बसले.

"राग नाही आला?"

"आला. मग निघूनही गेला." तो बाटलीकडे बघत म्हणाला. "आता हे पुराव्यात धरता येत नाही. नवा खडक, नव्या बाटल्या. कंपनी पुढची विहीर चित्रै महिन्यात, एप्रिल-मेमध्ये, खणणार आहे."

"म्हणजे..."

"म्हणजे उद्याची गाडी सोडायची. खरं सांगू? बाटल्या गढूळल्या तेव्हापासून मी नाचायला हवं होतं. आणि मी रोज खिशातलं गाडीचं तिकीट बाहेर काढून बघायचो, आणि मला जेवण जायचं नाही." त्याचा आवाज खाली आला. "विहीर हे निमित्त आहे, अंबा. ती खणून झाल्यावरही मला इथेच राहायचंय. तुझ्याजवळ, नित्याजवळ... चालेल?"

मी मधली पायरी तेवढी उतरले, आणि त्याच्या शेजारी बसले. त्याने माझा हात घेतला. हाताला त्याच्या ताकाचा वास येत होता.

नित्या दारात उभी होती, कधीची कोण जाणे. आमच्या मध्ये घुसून तिने ती बाटली मांडीवर घेतली आणि चिठ्ठीवरून बोट फिरवलं.

"आई, परवा आजीला मी हे वाचून दाखवलं होतं. 'कोरी. हात लावू नये.' तिने दोनदा वाचायला लावलं. हात लावला तर काय होईल, तेही विचारलं, मी सगळं सांगितलं." ती माझ्याकडे बघत राहिली. "मग आजीने विरजण का घातलं?"