शुक्रवारी न थकणारं यंत्र

डोंगरातल्या मिडेल्ट गावाजवळच्या धरणावरल्या खोलीत सहाच वस्तू होत्या: जाळीचं लोखंडी कपाट, त्यातला संगणक, त्याच्या दोन तारा, एक खुर्ची आणि खुर्चीवर घडी घातलेली लोकरीची चादर. अनवारने दोनदा मोजलं. कपाटाच्या माथ्यावर पांढरी पूड होती. ती चुना समजून तो झटकू लागला.

"राहू दे ती," बतूल सर्गिनी म्हणाली. ती मेकनेस शहरातली खासगी तपासनीस. अनवार तिचा मावसभाऊ, गाडी हाकणारा. दुपारीच दोघं बर्फातून घाट चढून आले होते.

हा संगणक धरणाची पातळी मेकनेसला कळवायचा. तिथल्या कचेरीत बसून सफ्रिवीसाहेब अशा चाळीस दूरच्या संगणकांच्या तब्येतीवर नजर ठेवत. थंडी पडल्यापासून हा एकटाच रोज सकाळभर रेंगाळे. शुक्रवारी मात्र ठणठणीत. म्हणून साहेबांनी बतूलला पाठवलं होतं.

"राखणदार इदिर त्यावर स्वतःचं काहीतरी चालवतोय," साहेब फोनवर म्हणाले. "शुक्रवारी नमाजाची लाज बाळगतो, एवढंच. आज त्याला काढतो. खोलीला लागून असलेलं धरणाचं घरही खाली करावं लागेल."

इदिर दारातच उभा होता. "लल्ला," तो बतूलला अदबीने म्हणाला, "मी सकाळभर बांधावर असतो. यंत्राला हात कोण लावणार?"

"चोर असंच म्हणतो," अनवार पुटपुटला.

"आणि तू उपाशी असलास की असंच बडबडतोस." बतूल फोनकडे वळली. "साहेब, त्या वेळी संगणकावर जास्तीचं काम दिसतं?"

"नाही. कामं तीच. वेग तेवढा तिसऱ्या हिश्श्यावर. लपवलं असेल बेट्याने."

इदिरची बायको इत्तो चहा घेऊन आली. बतूलने पेला हातात घेतला. "स्वयंपाकघर गार असेल ना तुमचं?"

"हाडं गोठतात, लल्ला. घरात ऊब आहे ती याच खोलीत."

"शुक्रवारी जेवायला काय?"

"कुसकुस. रवा वाफवला की झालं. शुक्रवारी पाव कोण भाजतं?"

बतूलने फोनचा आवाज मोठा केला.

"ऐका, साहेब. चोर जेवला तर ताटातलं कमी होतं. इथे जास्तीचं कुणी जेवलंच नाही, यंत्रच मंदावलं. संगणक फार तापला की जळू नये म्हणून आपणहून हळू चालतो."

"या बर्फात तापला?" अनवारने विचारलं.

"तुझा चुना चाखून बघ. पीठ आहे ते. इत्तो रोज सकाळी मळलेल्या पिठाची परात कपाटावर ठेवते आणि फुगावं म्हणून वरून चादर सोडते. जाळी झाकली, हवा कोंडली. शुक्रवारी कुसकुस, म्हणून पीठ नाही, चादर नाही."

इत्तोचा चेहरा उतरला. "मी यंत्राला बोटसुद्धा लावलं नाही हो. नुसती ऊब घेतली. त्यापायी आमचं घर जाणार होतं?"

"हा तर्क झाला, बाई," साहेब म्हणाले. "मला पडद्यावर दिसलं पाहिजे. दिसलं तर इदिर राहील."

बतूलने चादर कपाटावर सोडली. इदिरचा चहा तसाच निवला.

"वेग छत्तीस टक्के," अर्ध्या तासाने फोनवरून आवाज आला.

इत्तोने चादर ओढून काढली.

दहा मिनिटांनी वेग अठ्ठ्याण्णव टक्के होता.