ताटातलं हिरवं काकण

कचेरीतून निवृत्त होऊन गावच्या भानगडी सोडवणाऱ्या भाई मयेकरांपुढे जासिंत लुद्रिकनं रुमाल उलगडला. आत हिरव्या काकणाचा तुकडा होता.

"काल गिऱ्हाइकाच्या ताटात गावलो, भाई."

इटालियन बोटीवर वीस वर्षं स्वयंपाक केलेल्या या गड्यानं एकसष्ट साली मालवणात पास्त्याची खाणावळ काढली. गाव आधी हसलं, मग मुकाट्यानं जेवायला आलं. पास्ता करायची हातभर हिरवी काकणं घातलेली सुगंधा. नवरा मुंबईला गेला तो गेलाच. दिराकडची धुणीभांडी सोडून ती इथं राबत होती.

"काकण तिचाच! झाला," भाईंचा जोडीदार बाबली म्हणाला.

"हिरवी काकणा मालवणात एकटीच घालता काय रे शाण्या?" भाई उठले.

खाणावळीच्या स्वयंपाकघरात सुगंधा पास्त्याची पोळी लाटत होती. पोळी इतकी पातळ की खालच्या फळीच्या रेषा दिसाव्यात. घडी घालून तिनं सुरीनं लांब पट्ट्या कापल्या, काठीवर टाकल्या.

"माका काढल्यानी तर परत त्याच घराक जावचा लागतला," ती म्हणाली. "थंय मी माणूस नाय, भाई."

जासिंतची बहीण क्लेमेंटिना फणकारली, "ताट मीच वाढलंय. तेव्हा काच नव्हती!"

ते गिऱ्हाईक म्हणजे सुगंधाचा दीर भिकाजी. काल पहिल्यांदाच जेवायला आलेला. भाईंनी त्याला बोलावून घेतलं.

"काल सकाळी मी मागच्या दारात होतंय," तो म्हणाला. "शेवग्याचो दांडो दाबताना हिचा काकण फुटला. डोळ्यांनी बघलंय."

"शेवगो? आपले तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे दाबतत तो साचो?" भाईंनी विचारलं.

"तर! दुसरो खंयचो?"

भाईंनी सगळ्यांना समोर बसवलं. "बाबली, आतून शेवगो हाड."

बाबली हात हलवत परतला. "शेवगोच नाय हो!"

राग आला की भाई कचेरीतली मराठी बोलत. "असणार कसा? शिरवाळे दाबतात, हा पास्ता लाटून कापतात. भिकाजीशेठ, ताटात लांब पट्ट्या पाहून तुम्ही शेवगा गृहीत धरलात. मागच्या दारात तुम्ही नव्हताच. त्या पातळ पोळीत काच असती, तर लाटतानाच पोळी फाटली असती. वाढताना ताट स्वच्छ होतं. मग काच टाकली कुणी? ताटापुढे तुम्हीच होता."

"अरे देवा!" बाबलीनं कपाळाला हात लावला.

भिकाजी ओरडला, "मगे घरातला काम कोणी करूचा? चल गो घराक!"

जासिंत पुढे सरसावला, पण सुगंधानं त्याला हातानंच थांबवलं. इतका वेळ खाली असलेली मान तिनं वर केली.

"भावजींनू, चुलीर पाणी उकळता आसा. जेवचा आसात तर बसा. नायतर वाट सोडा."