गरम बुटातले गार पाय

सकाळी सात वाजता माझे बूट तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीसारखे गरम होते, आणि दहा वाजता त्याच बुटांत माझ्या पायाची बोटं बधिर झाली होती. गरम बुटात पाय गार कसे पडतात? हा प्रश्न मी चार दिवस ज्याला त्याला विचारत होते आणि उत्तर एकच मिळत होतं, "तू कोकणातली ना? मग असं व्हायचंच."

मी ऊर्मी चोगले. वय बारा, गाव हर्णै. महाराष्ट्रातून निवडलेली आम्ही तीस मुलं हिमालयातल्या बर्फशाळेत स्कीइंग शिकायला आलो होतो. मुलांबरोबर सोबतीला म्हणून दोन आजोबाही आले होते, त्यातले एक माझे. आमच्या बुटांची काळजी घ्यायला तत्पर नावाचा यंत्रमानव होता. रोज संध्याकाळी तो सगळ्यांचे बूट तापणाऱ्या पिशव्यांत घालायचा, चेन ओढून घ्यायचा आणि सकाळी आम्हाला द्यायचा. "बुटाचं तापमान चाळीस अंश. काम पूर्ण," असं म्हणताना त्याच्या छातीवरचा हिरवा दिवा लागायचा.

चौथ्या दिवशी मी उतारावरून लंगडत आले, तेव्हा आमच्या प्रशिक्षक दळवी बाईंनी मला बाजूला घेतलं. त्या आवाज मऊ करून बोलल्या, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

"ऊर्मी बाळा, काहींना थंडी सोसत नाही. त्यात कमीपणा नाही. उद्या दुपारच्या रोपवेने तू खाली जा. आजोबा आहेतच बरोबर."

तत्परच्या पडद्यावर मला यादी दिसली. वर लिहिलं होतं, 'थंडीला कच्चे'. खाली तीन नावं होती. माझं, पालघरच्या निनादचं आणि सोलापूरच्या अफसानाचं.

"सोलापूरला कुठे समुद्र आहे?" मी विचारलं.

"सोलापूर उष्ण आहे ना," बाई म्हणाल्या.

म्हणजे समुद्र असला तरी आम्हीच कच्चे, नसला तरी आम्हीच कच्चे! तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझे तळपाय गारठले होते, तरी आग मस्तकात गेलीच. तीन वर्षं मी हर्णैच्या वाळूच्या टेकडीवर फळीवरून घसरत सराव केला होता. आणि आता एका ओळीत माझा निकाल लावून टाकायचा?

मी तडक आजोबांकडे गेले. आजोबांनी जन्मभर मासे सुकवण्याची यंत्रं बनवली आहेत. त्यांनी माझं सगळं रडणं आणि ओरडणं ऐकून घेतलं. मग माझ्या बुटात कोपरापर्यंत हात घातला, पार पंजाच्या टोकापर्यंत.

"गरम होता म्हणतेस. पण कोरडा होता का?"

"गरम म्हणजे कोरडाच की!"

"अस्सं? मी तुझ्यापेक्षा दुपटीने मोठा होतो तेव्हा हीच चूक केली होती. माझं पहिलं यंत्र म्हणजे एक बंद पेटी होती. आत बोंबील टांगले आणि खालून उष्णता दिली. सकाळी पेटी उघडली तर बोंबील सुकले नव्हते, शिजले होते. माझ्या आईने आख्ख्या आळीला बोलावून दाखवले. बाहेर काठ्यांवर टांगलेले बोंबील मात्र साध्या वाऱ्यावर छान सुकत होते."

मग त्यांनी विचारलं, "या तत्परने बुटातला ओलावा मोजलाय का कधी?"

आम्ही तत्परला गाठलं. तो म्हणाला, "मी तापमान मोजतो. ओलावा माझ्या यादीत नाही."

"नाही?" मी किंचाळलेच. "बोटं माझी बधिर होतात, आणि तुझा दिवा मात्र हिरवा!"

"ओरडून दिव्याचा रंग बदलत नाही," तत्पर म्हणाला. तो खोटं बोलत नाही एवढं खरं, पण त्या क्षणी त्यालाच पिशवीत घालून चेन ओढून घ्यावीशी वाटली.

आजोबांनी स्वयंपाकघरातून वजनकाटा आणला. माझ्या मापाचा कोरा, कोरडा बूट भरला एक किलो चारशे ग्रॅम. दिवसभर वापरलेला माझा प्रत्येक बूट भरला एक किलो चारशे बासष्ट.

"हे बासष्ट ग्रॅम म्हणजे पाणी," आजोबा म्हणाले. "चांगले चार मोठे चमचे. थोडं बर्फाचं, बाकी तुझ्या पायांचा घाम. बाहेरचं प्लास्टिक कडक आणि बंद, म्हणून सगळं आतल्या मऊ अस्तरात मुरतं. आता बघ, अस्तर आपल्याला ऊब कशी देतं? त्यात हवेचे बारीक कप्पे असतात. हवा ही उष्णतेची मंदवाहक (उष्णता हळूहळू पुढे जाऊ देणारी) आहे. त्या कप्प्यांत पाणी शिरलं की संपलं. पाणी हवेपेक्षा वीसपटीहून जास्त वेगाने पायाची ऊब बाहेर नेतं."

"पण रात्रभर तापवल्यावर पाणी उडून जात नाही?"

"उडून जाईल कुठे? पाण्याची वाफ होते, ती पिशवीतल्या हवेत शिरते. पण हवेत वाफ मावायलाही मर्यादा असते. ती गाठली की हवा संपृक्त (आणखी वाफ घेऊ न शकणारी) होते. एवढ्याशा पिशवीतल्या हवेत चाळीस अंशांना चहाच्या चमच्याएवढंही पाणी मावत नाही. बाकीचं बुटातच राहतं. आणि सकाळी पिशवी गार झाली की हवेतली वाफही पुन्हा पाणी होऊन बुटावर बसते."

"मग आणखी तापवली तर?"

"तर प्लास्टिक वाकडं होईल आणि अस्तराचा गोंद सुटेल. उष्णतेने वाफ होते, पण ती वाफ बाहेर न्यायला वारा लागतो."

गोदामाच्या फळीवर एक वाळवणी-यंत्र नमुना म्हणून आलेलं पडून होतं. त्याला दोन उभ्या नळ्या होत्या. नळीवर बूट पालथा घालायचा, की कोमट हवा थेट पंजापर्यंत जायची आणि वाफ घेऊन बाहेर पडायची. तत्परने ते नापास केलं होतं, कारण त्याची हवा फक्त पस्तीस अंशांची. जुन्या पिशव्या बदलून नव्या तीस पिशव्या मागवायच्या, हीच त्याची शिफारस होती. बाई दुसऱ्या दिवशी दुपारी मागणी पाठवणार होत्या, म्हणजे मला खाली पाठवायचं त्याच वेळी.

आम्ही डावा बूट पिशवीत घातला आणि उजवा नळीवर.

सकाळी मी बाईंना हाताला धरून वजनकाट्यापाशी आणलं. डावा बूट हाताला छान गरम लागत होता. वजन एक किलो चारशे पंचावन्न. आख्ख्या रात्रीत गेलं फक्त सात ग्रॅम पाणी! उजवा बूट जेमतेम कोमट होता, आणि वजन एक किलो चारशे दोन.

"काट्यावरचं ठीक आहे," बाई म्हणाल्या, "पण बर्फावर?"

"हेच घालून जाते," मी म्हटलं. "दोन पायांत दोन बूट. तत्परने माझ्या बोटांचं तापमान मोजावं. दोन्ही पाय कोकणातलेच आहेत, बाई!"

दहा वाजता तत्परने मोजलं. डाव्या पायाची बोटं तेरा अंश, उजव्या पायाची सव्वीस.

बाईंनी दोन्ही आकडे पुन्हा वाचले. "पण मग बाकीच्यांना त्रास का होत नाही?"

"तत्पर, रोज उतारावरून सर्वांत जास्त फेऱ्या कोण मारतं?" आजोबांनी विचारलं.

"ऊर्मी, अफसाना, निनाद. याच क्रमाने," तत्पर म्हणाला.

जी मुलं जास्त घाम गाळत होती, त्यांचेच बूट जास्त भिजत होते, आणि त्यांनाच तुम्ही घरी पाठवत होतात! हे मी मनात म्हटलं नाही. तोंडावर म्हटलं.

आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पिशवीही वाईट नाही हं, ऊर्मी. वाळलेला बूट तिच्यात ठेवला तर सकाळी प्लास्टिक मऊ राहतं, पाय पटकन आत जातो. पण तिला वाळवायचं काम दिलं, ही चूक माणसांची."

बाईंनी मागणी बदलली. तीस वाळवणी-यंत्रं. जुन्या पिशव्यांतल्या धड असतील त्या सकाळच्या उबेपुरत्या राहतील. मग त्या मला म्हणाल्या, "तुझं नाव खोडते."

"माझं एकटीचं नको. ती यादीच खोडा."

त्यांनी तीनही नावं खोडली आणि वरचे दोन शब्दही खोडले. तत्परला सांगितलं, "आजपासून बुटाचं वजन लिहायचं."

"लिहीन," तत्पर म्हणाला. मग त्याचा हिरवा दिवा विझला. "गेल्या वर्षीही याच पिशव्या होत्या. त्या यादीत अकरा नावं आहेत. ती अकरा मुलं घरी गेली. त्यांच्या बुटांचं वजन कुणी केलं नव्हतं."

बाई बाकावर बसल्या. मला वाटलं होतं, बाईंना असं हरलेलं बघून मला आनंद होईल, पण तसं झालं नाही. त्यांनी फोन काढला आणि यादीतलं पहिलं नाव लावलं. वेंगुर्ल्याची कुणी मृण्मयी होती.

"मृण्मयी, दळवी बाई बोलतेय. चूक तुझी नव्हती गं. तुझ्या बुटांची होती, आणि माझी. ते आतून ओले राहत होते. पुढच्या महिन्यात नवी तुकडी येतेय. येशील?"

 पलीकडून आवाज आला.

"बाई, मी तेव्हाच सांगितलं होतं ना तुम्हाला, बूट ओले आहेत म्हणून?"

बाईंचे डोळे भरून आले. "हो," त्या म्हणाल्या. "सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही."

"मग येते," मृण्मयी म्हणाली.